सकाळच्या बॅचमधली जोडीदार

मी चव्वेचाळीस वर्षांची होते आणि भिवंडीत एकटी राहत होते. मला कोणी टाकलं नव्हतं, मीही कोणाला सोडून आले नव्हते. मुलीच्या शाळेसाठी आम्ही दोघी पडघ्याजवळच्या गावातून भिवंडीत खोली करून राहिलो. नवरा गावीच थांबला, कारण शेत होतं, म्हशी होत्या, सासू अंथरुणावर होती. दहावी झाली की परत यायचं असं ठरलं होतं. मग बारावी आली, मग कॉलेज. शेवटी मुलगी नोकरीला पुण्याला गेली, सासू वारली, आणि तोवर राहनाळच्या गोदामातली माझी नोकरी पक्की झाली होती. नवरा महिन्यातून एकदा तांदूळ आणि वाल घेऊन यायचा, चहा प्यायचा, पंख्याखाली तासभर पडायचा आणि चारची एसटी धरायचा. आमच्यात भांडण नव्हतं. बोलायला विषय उरले नव्हते, एवढंच.

गोदामात मी रिटर्नच्या विभागात होते. गिऱ्हाइकांनी परत पाठवलेली पार्सलं उघडायची, आतला माल बघायचा, बरा असेल तर एका बाजूला, खराब असेल तर दुसऱ्या. दिवसभर उभं राहून काम. आजूबाजूला माणसं असायची, पण सगळ्यांच्या कानात काहीतरी घातलेलं आणि डोळे स्कॅनरवर. शनिवारी संध्याकाळी खोलीवर आले की सोमवारी सकाळपर्यंत तोंड उघडायची गरज पडायची नाही. एका सोमवारी रिक्षावाल्याला ‘अंजूर फाटा’ म्हणायला गेले तर आवाजच फुटला नाही. खाकरून पुन्हा सांगावं लागलं.

त्याच सुमारास गोदामातली लिफ्ट आठवडाभर बंद होती. दोन मजले चढून गेले आणि वर कठड्याला धरून उभी राहिले, तर छातीत घण पडत होते. मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “आई, जिमला जा. तुझ्या रस्त्यावरच लेडीज बॅच आहे, मी नेटवर बघितलंय.” नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “पैसे देऊन घाम कशाला काढायचा? भात कापायला ये, तिथं फुकट हाय.”

मी जिमला गेले. ती पहिल्या मजल्यावर होती, खाली लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना. सकाळी साडेसहाला बायकांची बॅच. पायाखालची फरशी लूमच्या खटखटीने सतत थरथरत असायची, फक्त शुक्रवारी लूमला सुट्टी, तेव्हा स्थिर असायची. शिकवणारी मुलगी सव्वीस-सत्तावीसची, राहनाळचीच, जमीनवाल्या घरातली. केस घट्ट बांधलेले, आवाज खणखणीत. तिने पहिल्या दिवशी समजावून सांगितलं. चाळीस सेकंद जीव तोडून व्यायाम, वीस सेकंद थांबायचं, मग पुढचा प्रकार. बैठका, दोरी, जमिनीवर झोपून उठून उडी, मग दोन हातांनी जड चेंडू डोक्यावर उचलून खाली आपटायचा. सहा प्रकारांचा एक फेरा, असे चार फेरे.

मला यातलं काही नवीन वाटलं नाही. लग्नाआधी मी गावच्या मुलींच्या संघात कबड्डी खेळत होते. चढाई माझी असायची. मास्तर आम्हाला शाळेमागच्या मैदानात असेच पिदवायचे, फक्त त्याला इंग्रजी नावं नव्हती. म्हणून त्या दिवशी शिट्टी वाजली आणि मी सुटले. पहिल्या फेऱ्यात माझ्याइतक्या बैठका त्या खोलीत कोणीच काढल्या नाहीत. विशीतल्या पोरी माना वळवून बघत होत्या, आणि ते मला कळत होतं. दुसऱ्या फेऱ्याच्या मध्यावर कानात शीळ वाजायला लागली. तिसरा सुरू झाला तेव्हा मी खिडकीशी होते, आणि पोटात होता नव्हता तो चहा खालच्या पत्र्यावर पडला होता.

शिकवणारी मुलगी पाण्याची बाटली घेऊन आली. “ताई, तुम्ही आधी काही खेळलायत?”

“कबड्डी.”

“कधी?”

“चोवीस वर्षं झाली सोडून.”

ती हसली नाही. माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, “तुमच्या पायांना सगळं येतंय. बैठक कशी, उडी कशी, पाय कुठे टाकायचा, काही शिकवायला नको. पण दम आजचा आहे ना. नवीन बाई आली की ती घाबरून सावकाश करते आणि वाचते. तुम्ही चोवीस वर्षांपूर्वीच्या वेगाने निघालात.”

मग तिने माझ्या गळ्याला दोन बोटं लावली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ठोके मोजले. एक मिनिटाने पुन्हा मोजले. “बघा, उतरतच नाहीयेत,” ती म्हणाली. “फिट माणसाचा ठोकाही एवढाच वर जातो. पण तो लगेच खाली येतो. तुमचा वरच बसून राहिलाय. तो लवकर उतरायला लागेल तेव्हा समजायचं, अंग तयार झालं.”

ती काय म्हणत होती ते मी ऐकत होते, पण माझं लक्ष त्या बोटांवर होतं. मला कोणी हात लावल्याला किती महिने झाले होते ते मी त्या मिनिटात आठवत होते आणि मला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. मान साबणाने घासून गेले.

बॅचमध्ये आम्ही अकराजणी होतो. जोडीने करायचा व्यायाम असला की पाच जोड्या व्हायच्या आणि मी उरायचे. पोरी मुद्दाम टाळत नव्हत्या. त्या मैत्रिणी-मैत्रिणी आलेल्या, नणंद-भावजया आलेल्या, त्यांच्या जोड्या घरूनच लागलेल्या असायच्या. मग शिकवणारी मुलगी माझी जोडीदार व्हायची, पण तिला दर दोन मिनिटांनी कोणाकडे तरी जावं लागायचं, आणि मी तो जड चेंडू हातात घेऊन तिच्या परत येण्याची वाट बघत उभी राहायचे.

दिवाळीनंतर बारावी बाई आली. पन्नाशी ओलांडलेली, उंच, अंगाने भरलेली. दाराशी बुरखा काढून तिने खुंटीला नीट टांगला. खाली सलवार-कमीज आणि पायात मुलाचे असावेत असे मोठे कॅनव्हासचे बूट. घरचे बारा लूम होते त्यांचे, शेजारच्याच मोहल्ल्यात. डॉक्टरांनी साखर सांगितली होती. ती अशी उभी होती, जणू कोणाच्या तरी घरात चुकून शिरली आहे. शिकवणाऱ्या मुलीने तिला हाताला धरून माझ्यासमोर आणून उभं केलं.

“आपा, ये आपकी पार्टनर.”

मीही तिला आपाच म्हणायला लागले. ती मला ताई म्हणायची, मी वयाने लहान असूनही. तिची हिंदी, माझी मराठी मिसळलेली हिंदी, त्यात आमचं भागायचं.

आपाने आयुष्यात कधी मैदान बघितलं नव्हतं. पहिल्या दिवशी दहा बैठका काढून ती थांबली आणि छातीवर हात ठेवून माझ्याकडे बघायला लागली. घाबरली होती. “साँस फूल रही है,” ती म्हणाली.

“फूलनेही चाहिए, आपा. उसके लिए ही तो आए हैं.”

“कुछ हो गया तो?”

मी तिच्या गळ्याला बोटं लावली आणि मोजलं. मिनिटभर थांबून पुन्हा मोजलं, आणि मला धक्काच बसला. तिचा ठोका सरसर खाली आला होता. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी, साखर असलेली बाई, आणि दोन महिने घाम गाळलेल्या माझ्यापेक्षा तिचं अंग चांगलं. मग कळलं, तिचं घर चौथ्या मजल्यावर होतं. नळाला पाणी चढत नव्हतं तेव्हा तीस वर्षं ती खालून हंडे घेऊन चढली होती. पाच मुलं, बारा लूमच्या कारागिरांचा चहा, दोन वेळचं जेवण. अंग तयार होतं. फक्त दम लागणं म्हणजे काय, ते तिला माहीत नव्हतं. दम लागला की ती त्याला दुखणं समजायची.

आणि मला तेच माहीत होतं. चढाईत छाती फुटायला आली, जिभेवरचे शब्द तुटायला लागले, तरी अजून दोन पावलं जाता येतात हे मी पंधराव्या वर्षी शिकले होते. कोणता दम नुसता दम असतो आणि कोणता थांबायला सांगत असतो, ते मला आतून ओळखता यायचं. ते मी आपाला शिकवायला लागले. सुरुवातीला सगळं उधळायचं नाही, पहिल्या फेऱ्यात थोडं राखायचं. उठताना श्वास सोडायचा. डोळे घड्याळावर नाही, समोरच्या भिंतीवर. ती लहान मुलीसारखी मान हलवून ऐकायची आणि तसंच करायची.

शिकवणारी मुलगी एकदा आम्हाला म्हणाली, “तुम्हा दोघींची मिळून एक भारी खेळाडू होईल.” आपाला मराठी पुरतं कळलं नाही. मी समजावून सांगितलं तेव्हा ती दुपट्टा तोंडाला लावून खूप वेळ हसली.

चार महिने असे गेले. व्यायाम झाला की आम्ही एकमेकींचे ठोके मोजायचो. तिची बोटं खरखरीत होती आणि त्यांना सकाळी मळलेल्या कणकेचा वास यायचा. ती पुटपुटत मोजायची. माझेही ठोके हळूहळू लवकर उतरायला लागले. जिना चढताना कठडा धरायची गरज उरली नाही. बाहेर पडल्यावर आपा डावीकडे जायची, मी उजवीकडे. आम्ही कधी एकमेकींच्या घरी गेलो नाही. तरी रविवारी मला सोमवारची वाट असायची, आणि सोमवारी सांगायला म्हणून मी रविवारी काहीतरी करायला लागले होते. एका रविवारी नुसती खाडीच्या पुलापर्यंत चालत गेले आणि परत आले, तर दुसऱ्या दिवशी ते सांगता आलं.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी परीक्षा असायची. फेब्रुवारीत ती जोडीने ठेवली होती. पंधरा मिनिटं, आळीपाळीने. एकीने एक छोटा फेरा, म्हणजे प्रत्येक प्रकार दहा-दहा वेळा, करायचा, तेवढ्यात दुसरीने दम घ्यायचा, मग अदलाबदल. शेवटी जोडीचे फेरे मोजायचे आणि फळ्यावर लिहायचे.

मला त्या फळ्यावर वर यायचं होतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण आदल्या दिवशी गोदामात पार्सलं उघडताना मनात फेरेच मोजत होते. शिट्टी वाजली आणि आम्ही छान निघालो. मी करायचे, ती बघायची. ती करायची, मी मोजायचे. माझा पहिला फेरा राखून केलेला, दुसराही. आता पाय आणि छाती एका लयीत चालत होती. पहिल्या दिवसाचा तो मूर्ख वेग नव्हता. मला माहीत होतं माझ्याकडे किती आहे आणि ते कुठे खर्च करायचं आहे. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. सात मिनिटं झाली तेव्हा आमचे फेरे दोन बहिणींच्या तरण्या जोडीबरोबर होते.

नवव्या मिनिटाला आपाची पाळी आली आणि ती उठली नाही. भिंतीला पाठ लावून बसलेली, चेहरा उतरलेला, हात छातीवर.

“ताई,” ती म्हणाली. “मुझे ठीक नहीं लग रहा.”

“आप बैठो,” मी म्हणाले. “मैं कर लेती हूँ.”

आणि मी वळून तिचा फेरा करायला लागले. तो झाला, मग माझा केला, मग पुन्हा तिचा. मी तिच्याकडे बघितलं नाही. कबड्डीत हेच अंगात भिनलेलं असतं. बाद झालेली बाहेर बसते, आणि आत उरलेलीने तिच्याकडे बघायचं नसतं. बघितलं की लक्ष जातं आणि डाव जातो. माझ्या डोळ्यांना भिंत दिसत होती, कानाला शिट्टीची वाट होती. शिकवणारी मुलगी माझ्या अंगावरून धावत आपाकडे गेली, तेही मला सावली हलल्यासारखं कळलं. मी सहा मिनिटं न थांबता केलं. शेवटची शिट्टी झाली तेव्हा मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते आणि माझ्या ओठांवर आकडा होता.

मग मी मागे बघितलं. आपाला आडवं केलं होतं. दोघीजणी तिला गुळाचा खडा चोखायला लावून पाणी पाजत होत्या. साखर उतरली होती. सकाळी गोळी घेतली होती आणि उशीर झाला म्हणून काही न खाता आली होती. आता चेहऱ्यावर रंग परत येत होता. मी जवळ जाऊन बसले.

“आपका हो गया?” तिने विचारलं. “कितने हुए?”

मी आकडा सांगितला.

“माशाअल्लाह,” ती म्हणाली.

फळ्यावर आमची जोडी दुसरी लागली. तिचा मुलगा मोटारसायकल घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. त्या दिवशी आम्ही ठोके मोजले नाहीत.

ती नंतर आठ-दहा दिवस आली. आता खिशात खजूर घेऊन यायची आणि एक मलाही द्यायची. सगळं पहिल्यासारखंच होतं. माफी मागावी असं रोज घरून ठरवून निघायचे. ती हसून समोर उभी राहिली की वाटायचं, तिच्या मनात काही नसेल तर आपण कशाला उकरायचं. आणि मग एका सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. आठवडा गेला. फोन बंद लागत होता.

रविवारी मी विचारत विचारत तिच्या मोहल्ल्यात गेले. खालच्या शेडचं दार सताड उघडं होतं आणि आत लूम नव्हते, नुसते जमिनीत पुरलेले बोल्ट आणि तेलाचे काळे चौकोन. वर चौथ्या मजल्यावर सामान बांधणं चाललं होतं. आपाने मला बघून सुनेला चहा टाकायला सांगितलं. लूम भंगारात गेले होते. नव्या मशीनपुढे जुन्यांचं कापड कोणी घेईना. आता सगळे मालेगावला धाकट्याकडे निघाले होते, तिथे त्याचं दुकान होतं.

आम्ही गॅलरीत दोन बांधलेल्या गठ्ठ्यांवर बसलो. चहात माझ्यासाठी साखर होती, तिच्या कपात नव्हती. खाली गल्लीत नेहमीची खटखट होती, फक्त त्यांच्या शेडच्या जागी पोकळी ऐकू येत होती.

मी म्हणाले, “आपा, उस दिन मुझे रुकना चाहिए था.”

तिने लगेच ‘छोडो’ म्हणायला हवं होतं. माझी तशी अपेक्षा होती. तिने कप खाली ठेवला.

“हाँ,” ती म्हणाली. “मुझे लगा था, आप रुकोगी.”

आवाजात राग नव्हता. एखादी गोष्ट जशी घडली तशी सांगावी, तसं तिने सांगितलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “आप ने ही सिखाया था ना, कौन सी साँस से डरना, कौन सी से नहीं. मैं समझ गई थी कि ये दूसरी वाली है. बस, आपको बोल नहीं पाई ठीक से.”

ती बोलली होती. ठीक बोलली होती, माझ्या तोंडावर बोलली होती. जिन्यापर्यंत ती सोडायला आली. चार मजले उतरले, आणि खाली आल्यावर लक्षात आलं, चढतानाही मला जराही दम लागला नव्हता.

ईदला मी तिच्या जुन्या नंबरावर मुबारक पाठवलं. दोन दिवसांनी दुसऱ्याच नंबरावरून तिच्या आवाजातला छोटा निरोप आला. मालेगावात गर्मी फार आहे, साखर आटोक्यात आहे, इथे बायकांची जिम नाही, गच्चीवर फेऱ्या मारते. मी दोन-तीनदा उत्तर पाठवलं. नंतर तो नंबरही शांत झाला.

मी बॅच सोडली नाही. पुन्हा अकराजणी झालो, पुन्हा मी उरायला लागले. शिकवणाऱ्या मुलीने विचारलं, “ताई, जोडी बदलून देऊ का? आळीपाळीने सगळ्यांबरोबर करा.” मी नको म्हणाले. मग काही दिवसांनी हो म्हणाले. ज्या पोरीबरोबर जोडी लागेल तिच्याकडे मी आता मध्येच बघते, तोंडाकडे, ओठांच्या रंगाकडे. त्यात दोन-चार सेकंद जातात. पोरींना वाटतं मी थकले.

जूनमधली परीक्षा एकेकटीची होती. त्या दिवशी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच लयीत केलं. कुठे राखायचं, कुठे सोडायचं, काही चुकलं नाही, आणि या वेळी अंगानेही साथ दिली. फळ्यावर मी पहिली आले, विशीतल्या पोरींच्या वर. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकीने मोबाइलवर फळ्याचा फोटो काढून मला पाठवला. मी तो मुलीला पाठवला. तिने अंगठा पाठवला, ती मीटिंगमध्ये होती. नवऱ्याला फोन लावला, तर तो म्हणाला, “पेरणीची घाई हाय, मागनं बोलू.” आपाचा शेवटचा नंबर उघडला, थोडा वेळ बघितला आणि बंद केला.

तशीच शेअर रिक्षा धरून राहनाळला गेले. गोदामात शेजारच्या टेबलावरची बाई, जी कानातली वायर सहसा काढत नाही, तिने ती काढली आणि माझ्याकडे निरखून बघितलं.

“ताप हाय का गं तुला? तोंड लाल झालंय.”

“न्हाय,” मी म्हणाले. “जिमला जाऊन आले.”

“रोज जातेस?”

“रोज.”

“कशाला पण?” तिने विचारलं, आणि ती खरंच उत्तराची वाट बघत होती. मी सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात सरकत्या पट्ट्यावरून पार्सलं यायला लागली, आणि आम्ही दोघींनी स्कॅनर उचलले.